आवाज फाटावा, पण असा

इलेक्ट्रिक गिटार घरातल्या म्युझिक सिस्टीमला थेट जोडून पाहिली की बहुतेकांची निराशा होते. सिस्टीम चांगली असते, तिच्यावर गायकाचा श्वाससुद्धा ऐकू येतो, तबल्याची चाट खणखणीत वाजते. गिटार मात्र पातळ, कोरडी, निर्जीव वाटते. मग तीच गिटार एका जाडजूड लाकडी खोक्याला, म्हणजे गिटार ॲम्पला, जोडावी. त्याच्या आत आजोबांच्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह आहेत, ते तापेपर्यंत अर्धा मिनिट थांबावं लागतं. स्पीकर कागदी शंकूचा, पाच हजार हर्ट्झच्या वर जवळजवळ मुका. मोजमापाच्या तक्त्यावर हे यंत्र घरच्या सिस्टीमपुढे टिकणार नाही. पण गिटार छेडली की अंगावर काटा येतो.

दुसरं कोडं याहून अवघड आहे. अशा खोक्यांमध्येही एक तीस हजार रुपयांना मिळतो आणि दुसरा तीन लाखांना. अलेक्झांडर डम्बल या अमेरिकन कारागिराने बनवलेला ॲम्प तर आज लाख डॉलरच्या वर जातो. सगळ्यांत व्हॉल्व्ह तेच, रेझिस्टर आणि कपॅसिटर तेच, आकृतीही बरीचशी सारखी. अशा थोड्या संख्येने, हाताने, एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये बनलेल्या ॲम्पना ‘बुटीक ॲम्प’ म्हणतात. त्यांच्यात वेगळं काय असतं, हे पाहायला सिग्नलच्या वाटेनेच आत जावं लागेल.

तारेतून निघतं ते थोडंच

गिटारच्या तारांखालचा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली केसाहून बारीक तांब्याची तार. वेढे सात-आठ हजार. पोलादी तार चुंबकावर थरथरली की त्या वेढ्यांत विजेचा दाब तयार होतो, साधारण एका व्होल्टच्या दहाव्या भागाइतका. जोरात छेडलं तर क्षणभर बराच जास्त. सिग्नल नाजूक असतो. पुढच्या यंत्राने त्यातून जास्त वीज ओढली तर वरच्या पट्टीतली चमक तिथेच मरते. म्हणून गिटार ॲम्प आपल्या दाराशी दहा लाख ओहमचा अडथळा ठेवतो. घरच्या सिस्टीमचं दार विजेला याच्या वीस ते शंभर पट मोकळं असतं. पहिला घात तिथेच होतो.

दुसरी गोष्ट अशी की सतारीला भोपळा असतो, साध्या गिटारला पोकळ पेटी असते. इलेक्ट्रिक गिटार म्हणजे भरीव लाकडाची फळी. तारेच्या कंपनाला रंग देण्याचं, काही सूर फुलवण्याचं आणि काही दाबण्याचं काम तिच्यात कुणी करतच नाही. ते ॲम्पने करायचं असतं. गिटार ॲम्पला ‘आवाज मोठा करणारं यंत्र’ समजलं की पुढचं सगळं विचित्र वाटतं. अर्धं वाद्य समजलं की त्यातलं बरंच कळू लागतं.

नळ आणि गच्चीवरची टाकी

व्हॉल्व्हचा मूळ प्रकार, ट्रायोड, अमेरिकेत ली डी फॉरेस्टने १९०६ साली आणला. काचेच्या नळीतली हवा काढून घेतलेली. मध्यभागी तापलेला कॅथोड, त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. बाहेरच्या बाजूला प्लेट, तिच्यावर दोन-तीनशे व्होल्टचा धन दाब, म्हणून इलेक्ट्रॉन तिकडे धावतात. आणि दोघांच्या मध्ये बारीक तारेची जाळी, म्हणजे ग्रिड.

सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते आणि आपल्या घरात नळ. नळ फिरवायला दोन बोटांची ताकद पुरते, पण धार येते ती टाकीच्या दाबाने. ग्रिड हा तो नळ. गिटारचा दुबळा सिग्नल तो नळ किंचित उघडतो, किंचित बंद करतो, आणि प्लेटच्या बाजूला त्याचीच मोठी नक्कल उमटते. गिटार ॲम्पमध्ये सर्रास दिसणारा १२एएक्स७ हा व्हॉल्व्ह नेहमीच्या जोडणीत सिग्नल पन्नास-साठ पट मोठा करतो.

पण नळ पूर्ण बंद झाल्यावर आणखी बंद होत नाही, पूर्ण उघडल्यावर आणखी उघडत नाही. सिग्नल त्यापुढे गेला की लाटेचा माथा आणि तळ सपाट होतात. आपण म्हणतो, आवाज फाटला.

चांगल्या म्युझिक सिस्टीममध्ये हे टाळण्यासाठी एक युक्ती असते. बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून परत आत पाठवतात आणि चूक सापडेल तिथे दुरुस्त करतात. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. या दुरुस्तीमुळे आवाज अगदी मर्यादेपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकदम फाटतो, कापल्यासारखा. व्हॉल्व्हच्या जुन्या सर्किटमध्ये ही दुरुस्ती कमी असते किंवा नसतेच. त्यामुळे लाट फार आधीपासून वाकू लागते आणि हळूहळू वाकत जाते. स्वच्छ आवाज आणि फाटलेला आवाज यांच्यामध्ये एक रुंद पट्टा तयार होतो. गिटारवादक राहतो तो याच पट्ट्यात: हलकं छेडलं तर सूर नितळ, जोर लावला तर त्याला खर येते. बुटीक ॲम्प बनवणाऱ्यांची बहुतेक मेहनत या पट्ट्याची रुंदी आणि त्याचा उतार ठरवण्यात जाते.

फाटलेल्या आवाजात कोणते सूर असतात?

लाट वाकली की मूळ सुरात नसलेले नवे सूर जन्माला येतात, आणि ते मनमानी नसतात. समजा मूळ सूर २२० हर्ट्झचा आहे आणि तो आपला षड्ज. त्याची दुप्पट ४४० म्हणजे वरच्या सप्तकातला षड्ज. तिप्पट ६६० म्हणजे तिथला पंचम. चौपट ८८० पुन्हा षड्ज, पाचपट ११०० शुद्ध गंधार. तंबोऱ्याच्या घोडीला जवारी काढून जे मिळवतात त्याच जातीचा हा खजिना, फक्त इथे तो विजेने उघडतो.

लाट एकाच बाजूने वाकली तर दुप्पट-चौपट असे सम सूर वाढतात. दोन्ही बाजूंनी सारखी वाकली तर तिप्पट-पाचपट असे विषम. ‘व्हॉल्व्ह सम सूर देतात म्हणून गोड, ट्रान्झिस्टर विषम देतात म्हणून कर्कश’ हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. मोठ्या व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये शेवटच्या टप्प्यावर दोन व्हॉल्व्ह एकमेकांच्या विरुद्ध दिशेने काम करतात आणि त्या टप्प्यात तयार झालेले सम सूर एकमेकांना बरेचसे खोडून टाकतात. तिथून बाहेर पडतात ते मुख्यतः विषम सूरच, तरीही कानाला बरे लागतात. फरक पडतो तो लाट किती हळुवार वाकते याने.

एका वेळी दोन सूर वाजले की प्रकरण आणखी रंगतं. वाकलेल्या सर्किटमधून दोघांची बेरीज आणि वजाबाकीही बाहेर पडते. ११० आणि १६५ हर्ट्झ, म्हणजे षड्ज-पंचम, एकत्र वाजवले तर वजाबाकी येते ५५: अचूक खालचा षड्ज. आवाज भरदार होतो. आता मधला गंधार घाला. गिटारच्या पडद्यांवर तो १३८.६ हर्ट्झला येतो. त्याची एका बाजूची वजाबाकी २८.६, दुसऱ्या बाजूची साधारण २६. हे दोन सूर एकमेकांशी भांडतात आणि खाली नुसता गडगडाट माजतो. रॉकवाले गंधार गाळून नुसता ‘पॉवर कॉर्ड’ का वाजवतात, याचं उत्तर या वजाबाकीत आहे. ॲम्पची परीक्षाही इथेच होते. गेन, म्हणजे सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण, वाढवूनही तीन सुरांच्या कॉर्डमधला प्रत्येक सूर वेगळा ऐकू येत असेल, तर बनवणाऱ्याने काम केलेलं आहे.

फुलर्टन, हॅनवेल, डार्टफर्ड

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये लिओ फेंडरचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. १९४० च्या दशकात तो ॲम्प बनवू लागला. त्याची सर्किटं व्हॉल्व्ह कंपन्यांनी छापलेल्या पुस्तिकांमधल्या आकृत्यांवर आधारलेली असत. कमी भाग, सोपी दुरुस्ती. पन्नासच्या दशकात आलेला त्याचा बेसमन हा ॲम्प बेस गिटारसाठी होता, पण चार दहा-इंची स्पीकरवर नेहमीची इलेक्ट्रिक गिटार इतकी सुरेख वाजे की गिटारवाल्यांनीच तो उचलला.

लंडनच्या पश्चिमेला हॅनवेलमध्ये जिम मार्शलचं ड्रमचं दुकान होतं. तिथे येणाऱ्या पोरांना बेसमनसारखा ॲम्प हवा होता आणि अमेरिकेतून आणलेला परवडत नव्हता. १९६२ साली मार्शल, केन ब्रॅन आणि तरुण डडली क्रेव्हन यांनी बेसमनचं सर्किट जवळजवळ ओळीला ओळ उतरवलं. नाव दिलं जेटीएम ४५. पण भाग इंग्लंडमध्ये मिळाले ते. बेसमनच्या पहिल्या टप्प्यात होता त्या व्हॉल्व्हचा वर्धनांक (तो सिग्नल जास्तीत जास्त किती पट मोठा करू शकतो) चव्वेचाळीसच्या आसपास. इंग्रजांनी तिथे ईसीसी ८३ बसवला, त्याचा शंभर. ट्रान्सफॉर्मर इंग्लिश. उघड्या पाठीच्या पेटीऐवजी बंद पेटी, तीत सेलेस्चनचे चार बारा-इंची स्पीकर. आकृती तीच राहिली आणि आवाज बदलला: बेसमनपेक्षा लवकर फाटणारा, गुरगुरणारा. बुटीक ॲम्पबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली तर मी ही सांगेन. ॲम्पचा आवाज आकृतीत सगळा लिहिलेला नसतो.

तिसरं घराणं डार्टफर्डचं. टॉम जेनिंग्जच्या कंपनीत डिक डेनी यांनी व्हॉक्स एसी ३० बनवला, जो पुढे बीटल्समुळे जगभर गेला. छोटे ईएल ८४ व्हॉल्व्ह चार, शेवटच्या टप्प्यावर निगेटिव्ह फीडबॅक अजिबात नाही, आणि निळ्या रंगाचे, अल्निको चुंबकाचे सेलेस्चन स्पीकर. आवाजात एक घंटानाद. बुटीक म्हणून विकला जाणारा जवळजवळ प्रत्येक ॲम्प फेंडर, मार्शल नाहीतर व्हॉक्स यांपैकी कुणाचा तरी नातू असतो.

१९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने १३० लाख डॉलरला विकत घेतली. पुढच्या काही वर्षांत सर्किटमध्ये बदल होत गेले आणि वादक कुरकुरू लागले. तिकडे आवाजाची शर्यत सुरू झाली होती. ‘द हू’ या बँडच्या पीट टाउनशेंडला हवा म्हणून मार्शलने शंभर वॉटचा ॲम्प काढला. सत्तरच्या दशकात मार्शलही हाताने जोडलेल्या तारा सोडून छापील सर्किट बोर्डाकडे वळली. ‘जुना तो जुनाच’ ही भावना बळावली आणि कारागिरांसाठी जागा तयार झाली.

कारागीर

रँडल स्मिथ या कॅलिफोर्नियातल्या दुरुस्तीवाल्याने फेंडरच्या चिमुकल्या प्रिन्स्टन ॲम्पमध्ये मोठं सर्किट आणि बारा-इंची स्पीकर कोंबला. गिटारवादक कार्लोस सँटानाने तो वाजवून जी दाद दिली, तिच्यातून ‘बूगी’ हे नाव आलं. स्मिथची खरी करामत नंतरची: त्याने सिग्नल मोठा करणारे टप्पे एकापुढे एक जोडले आणि प्रत्येकाला वेगळं बटण दिलं. त्यामुळे आवाज हवा तितका फाटू द्यायचा पण खोली हादरवायची नाही, हे शक्य झालं. त्याची मेसा/बूगी कंपनी इतकी वाढली की २०२१ मध्ये गिब्सनने ती घेतली. आता तिला बुटीक म्हणणं जिवावर येतं.

अलेक्झांडर डम्बल याने आयुष्यभरात तीनशेच्या आसपास ॲम्प बनवले. २०२२ च्या जानेवारीत तो गेला. वादकाला समोर बसवून वाजवायला लावायचं, त्याचा हात ऐकायचा आणि त्या हाताला जुळेल असा ॲम्प लावून द्यायचा, ही त्याची पद्धत. रॉबेन फोर्ड, लॅरी कार्लटन, सँटाना अशी गिऱ्हाइकं. त्याच्या ‘ओव्हरड्राइव्ह स्पेशल’चा गाभा फेंडरच्या स्वच्छ आवाजाचा आहे, त्यापुढे फाटण्याचा वेगळा टप्पा जोडलेला. नक्कल होऊ नये म्हणून तो सर्किटवर इपॉक्सीचा थर ओतत असे. लोकांनी तो थरही खरवडून काढला आणि आकृत्या उतरवल्या. आज डम्बलच्या धर्तीचे ॲम्प अनेक जण बनवतात आणि त्यांपैकी काही फार चांगले आहेत.

न्यू जर्सीतला केन फिशर त्याच्या अगदी उलट. अँपेग कंपनीतून बाहेर पडलेला हा माणूस ‘ट्रेनरेक’ नावाने ॲम्प बनवी. एकूण शंभराच्या आसपास. अनुक्रमांकाऐवजी प्रत्येकाला बाईचं नाव. त्याचा ‘एक्स्प्रेस’ म्हणजे साधेपणाची हद्द: मोजकी बटणं, आवाज दाबणारं वेगळं बटण नाही, सगळा ताबा गिटारवरच्या व्हॉल्यूमच्या बटणावर आणि उजव्या हातावर. गेन इतका की आतल्या तारांची मांडणी चुकली तर ॲम्प स्वतःच शिट्टी मारू लागेल. कोणती तार कोणत्या तारेजवळून किती अंतरावर जाते, याकडे फिशर बारीक लक्ष देई. २००६ मध्ये तो गेला. लॉस एंजेलिसच्या मॅचलेसने १९८९ पासून एसी ३० चा वारसा दणकट बांधणीत पुढे आणला. तिथून ही कारागिरी हौशी मंडळींच्या वर्तुळाबाहेर पडून बाजारात आली.

बास आधी कापायचा

या कारागिरांच्या हातात नेमकी कोणती हत्यारं असतात? सगळ्यात महत्त्वाचं हत्यार दिसायला क्षुल्लक आहे. दोन टप्प्यांच्या मधला कपॅसिटर.

हा भाग स्थिर विजेला अडवतो आणि सिग्नलला पुढे जाऊ देतो. पण किती खालचे सूर पुढे जातील, हे त्याच्या आकारावर ठरतं. पुढे दहा लाख ओहमचा रेझिस्टर असेल, तर ०.०२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ८ हर्ट्झपासून वरचं सगळं सोडतो. त्याचा दहावा भाग घेतला तर ८० हर्ट्झच्या खालचं गळू लागतं. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला वाजते. म्हणजे चार-आठ रुपयांचा हा भाग बदलला की खर्जाचं वजन बदलतं.

फाटण्याआधी बास भरपूर असेल तर तोच सगळी जागा खातो. मोठ्या लाटा टप्प्याला कोंबून टाकतात आणि वरचे सूर चिखलात रुततात. म्हणून अनुभवी कारागीर फाटण्याच्या आधी बास कमी करतो, मग आवाज फाटू देतो, आणि गमावलेला भरदारपणा शेवटच्या टप्प्यावर किंवा स्पीकरकडून परत मिळवतो. वरच्या चमकीचा हिशेब उलटा. ती आधी थोडी वाढवली तर हलक्या छेडण्यालाही धार येते, पण फाटल्यानंतर तयार झालेला किचकिचाट मागून कापावा लागतो. ट्रेबल-मिडल-बासची बटणं सर्किटमध्ये कुठे बसवली आहेत यालाही म्हणूनच अर्थ आहे. ती फाटण्याच्या आधी असतील तर आवाज कसा फाटतो ते बदलतं. नंतर असतील तर आधीच फाटलेल्या आवाजाचा फक्त रंग बदलतो. डम्बल आणि बूगीत ती आधी आहेत, मार्शलमध्ये नंतर.

मोठ्या कारखान्याला हे कळत नाही असं नाही. पण त्याला एकच ॲम्प जॅझवाल्याला, मेटलवाल्याला आणि शाळकरी मुलाला विकायचा असतो, म्हणून तो प्रत्येक ठिकाणी मधला मार्ग धरतो. कारागीर एका प्रकारच्या हातासाठी निर्णय घेतो आणि बाकीच्यांना नाराज करायला तयार असतो. माझ्या मते बुटीक ॲम्पचं वेगळेपण सर्वांत जास्त या तयारीत आहे.

टाकीतला दाब उतरतो तेव्हा

सकाळी सात वाजता सगळ्या मजल्यांवर एकदम नळ सुटले की वरच्या मजल्याची धार बारीक होते. ॲम्पमध्येही असंच घडतं. घराच्या विजेतून चारशे व्होल्टच्या आसपासचा स्थिर दाब तयार करणारा भाग म्हणजे रेक्टिफायर. जुन्या ॲम्पमध्ये हे कामही व्हॉल्व्हच करत. जोरात कॉर्ड छेडली की शेवटचे व्हॉल्व्ह एकदम वीज ओढतात, रेक्टिफायर मागे पडतो, दाब उतरतो, आवाज क्षणभर दबतो आणि मग पुन्हा वर येतो. इंग्रजीत याला ‘सॅग’ म्हणतात.

कानाला तो सुराची सुरुवात मऊ झाल्यासारखा आणि शेपूट लांबल्यासारखा ऐकू येतो. बोटांना ॲम्प दबून परत उसळी घेतो असं जाणवतं. ५वाय३ नावाचा छोटा रेक्टिफायर पूर्ण भाराखाली पन्नास-साठ व्होल्ट खातो, जीझेड ३४ वीसच्या आत, आणि सिलिकॉन डायोड जवळजवळ काहीच नाही. ब्लूजवाल्याला पहिला आवडेल. जलद, तुटक मेटल वाजवणाऱ्याला तो नकोच. त्याला प्रत्येक ठोका तिथल्या तिथे हवा.

‘जोर लावला तरी आवाज तेवढाच मोठा होत नाही, पण जास्त खडबडीत होतो’ हा गुणधर्म आणि सॅग मिळून ॲम्पला जो स्वभाव येतो, त्याला वादक ‘फील’ म्हणतात. रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याला तो फारसा कळत नाही. वाजवणाऱ्याला मात्र पहिल्या दहा सेकंदांत कळतो, कारण तो हाताने काय करायचं ते त्यानुसार बदलतो.

लोखंड आणि कागद

व्हॉल्व्हला पुढे काही हजार ओहमचा भार लागतो आणि स्पीकर असतो आठ ओहमचा. दोघांची सोयरीक जमवणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर हा ॲम्पमधला सर्वांत जड आणि बहुधा सर्वांत महाग भाग. त्याचा लोखंडी गाभा लहान असेल तर खालच्या सुरांना तो लवकर गुदमरतो, आणि वेढे कसे गुंफले आहेत त्यावर वरची चमक ठरते. स्वस्त ॲम्पमध्ये पैसे वाचवण्याची पहिली जागा हीच. चांगले बुटीक कारागीर इथे सढळ हाताने खर्च करतात, आणि इथला खर्च कानाला खरंच ऐकू येतो.

त्याहून जास्त ऐकू येतो तो स्पीकर. बारा इंची कागदी शंकू चार-पाच हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने पडतो, म्हणूनच फाटलेल्या आवाजातला तीक्ष्ण कचरा गाळला जातो. शिवाय जोरात वाजवल्यावर शंकू एकसंध हलत नाही. त्याचे निरनिराळे भाग वेगवेगळे थरथरतात आणि स्वतःची भर घालतात. घरच्या सिस्टीमचा स्पीकर हे दोन्ही करत नाही. आपल्या पहिल्या कोड्याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

हाताने जोडलं म्हणून चांगलं?

बुटीक ॲम्पच्या जाहिरातीत तीन गोष्टी ठळक असतात: हाताने जोडलेल्या तारा, जुन्या साठ्यातले कपॅसिटर, आणि ‘क्लास ए’.

तारांच्या बाबतीत तथ्य आहे, पण वेगळ्या कारणाने. वीज छापील बोर्डावरून आली की हाताने जोडलेल्या तारेतून, हे सिग्नलला कळत नाही. जवळजवळ असलेल्या दोन वाहकांमध्ये मात्र सूक्ष्म कपॅसिटर तयार होतो आणि ग्रिडच्या आसपासच्या नाजूक वाटांवर तो वरचे सूर गिळू शकतो किंवा नको तिथे पोचवू शकतो. मांडणी नीट असेल तर बोर्डही उत्तम वाजतो. हाताने जोडलेल्या ॲम्पचा खरा फायदा वीस वर्षांनी दिसतो. तापणारे व्हॉल्व्ह पातळ बोर्डावर बसवले की सांधे सुटतात. पत्र्याच्या चासीवर व्हॉल्व्ह बसवलेला ॲम्प कुठलाही जुना रेडिओ मेकॅनिक दुरुस्त करू शकतो.

जुन्या कपॅसिटरची पूजा मला पटत नाही. पन्नासच्या दशकातले भाग दहा-वीस टक्के इकडेतिकडे असत. एकाच दिवशी बनलेले दोन बेसमन वेगळे वाजत ते यामुळेही. कारागीर मोजून, निवडून भाग लावतो तेव्हा त्यातल्या चांगल्या अपघाताची पुनरावृत्ती करतो. त्यासाठी भाग म्हातारा असण्याची गरज नाही. ‘क्लास ए’ म्हणजे व्हॉल्व्ह क्षणभरही बंद न होता काम करतो ती पद्धत. ज्या एसी ३० चं नाव घेऊन हा शिक्का मारला जातो, तो स्वतःच पूर्ण जोरात वाजताना त्या व्याख्येत बसत नाही.

आणि दुर्मीळता. डम्बलच्या किमतीतला मोठा भाग आवाजाचा नाही. तीनशेच्या आसपासच आहेत आणि आता नवा बनणार नाही, याचा आहे.

चौकट: दुकानात ॲम्प ऐकताना

• गिटारचं व्हॉल्यूम अर्ध्यावर आणा. आवाज नुसता लहान झाला, की स्वच्छही झाला? चांगला ॲम्प स्वच्छ होतो आणि चमक सोडत नाही.

• गेन वाढवून पूर्ण कॉर्ड हळू छेडा. प्रत्येक सूर मोजता येतो का?

• जाड तारेवर एक सूर जोरात मारा. तो भरदार येतो की भसाडा होऊन फुटतो?

• वॉटकडे बघून घाबरू किंवा भुलू नका. दहापट वॉट म्हणजे कानाला साधारण दुप्पट आवाज. फ्लॅटमध्ये पाच वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्पही शेजाऱ्यांना जागं करतो.

• अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लावू नका. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.

• मागचं झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब साठून राहतो.

मग घ्यायचा की नाही?

आता संगणकावर चालणारी यंत्रं मूळ ॲम्पचा आवाज टिपून हुबेहूब परत देतात. जर्मनीच्या केम्परने २०११ पासून हे वादकांच्या हातात दिलं आणि त्यानंतर ते बरंच स्वस्त झालं. रेकॉर्ड केलेल्या गाण्यात मूळ कोणता आणि नक्कल कोणती हे ओळखण्याची पैज मी लावणार नाही. फरक राहतो तो वाजवणाऱ्याच्या बाजूला: खोलीत हवा हलते, ती तारांवर आदळते, तारा पुन्हा थरथरतात आणि सूर लांबतो. कानात हेडफोन घालून हे मिळत नाही.

व्हॉल्व्हही आता मोजक्याच ठिकाणी बनतात, मुख्यतः रशियात सारातोव्हला, स्लोव्हाकियात आणि चीनमध्ये. २०२२ मध्ये रशियाच्या निर्यातबंदीच्या बातमीने जगभरचे ॲम्पवाले एका आठवड्यात घामाघूम झाले होते. महागडा ॲम्प घेणाऱ्याने दर काही वर्षांनी लागणाऱ्या नव्या व्हॉल्व्हचा खर्चही धरावा.

स्टेजवर दर आठवड्याला वाजवत असाल, स्वतःचा हात कसा आहे हे तुम्हाला माहीत असेल आणि त्या हातासाठी बनवलेला ॲम्प सापडला, तर पैसे वाया जाणार नाहीत. बाकीच्यांनी आहे त्याच ॲम्पमध्ये आधी एक चांगला स्पीकर बसवून पाहावा. त्या पाच-दहा हजारांत जितका फरक पडतो, तितका पुढच्या दोन लाखांत पडत नाही.